एकवीस पोळ्यांची राख

चैत्रातल्या दुसऱ्या आठवड्यात शालिग्राम फिरक्यांच्या खळ्यात केळीच्या घडांचे दांडे असे पसरले होते की पाय ठेवायला जागा नव्हती. घड कापला, फण्या सोडवून खोक्यांत भरल्या, ट्रक सावद्याला गेला, की मागं हा दांडा उरतो. आजवर तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. बांधावर फेकायचा, ढोरांनी खाल्ला तर खाल्ला, नाही तर कुजला. पण या घरात दोन वर्षांपासून दांड्याला मान आला होता. थोरली लेक नूतन अमळनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती, आणि तिचं सगळं काम या दांड्याच्या राखेवर होतं.

सकाळचे दहा वाजले नव्हते तरी पत्रा तापला होता. नूतन डोक्याला ओढणी गुंडाळून दांडे उलटेपालटे करत होती. हाताला केळीचा चीक लागून काळे डाग पडले होते. ते डाग साबणानं निघत नाहीत, सहा-सहा महिने तसेच राहतात. फैजपूरच्या बाजारात मुलीचे हात पाहून बायका ओळखत, ही केळीवाल्यांची.

"हे नही चालायचं," शालिग्राम पायरीवर बसून म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले. "मागल्या साली ह्याच मळ्याले मी ठिबकमधून दीडपट पोटॅश सोडलं व्हतं. म्हनून राख जोरदार व्हती. औंदा कमी सोडलं. मी तुले पह्यलेच सांगतलं."

"नाना, मागच्या महिन्यात सावद्याच्या मामांचे दांडे आणले. त्यांनी दुप्पट सोडलं होतं."

"त्याले पोटॅश सोडता येत नही," नाना म्हणाले, आणि विषय त्यांच्यापुरता मिटला.

गोष्ट अशी होती. सरकीच्या तेलात मिथेनॉल घालून ऊन केलं आणि त्यात चमचाभर ही राख टाकली, की तेलाचं इंधन होतं. डिझेलच्या जागी इंजिनात घालता येईल असं. राख स्वतः त्यात खर्ची पडत नाही, नुसती काम उरकून देते, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखी. ती गाळून काढायची, पुन्हा वापरायची. मागच्या वर्षी आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, नेलेल्या राखेनं हे काम पाच वेळा केलं होतं. तीच राख, पाच वेळा. नूतननं धुळ्याच्या परिषदेत शंभर माणसांपुढे उभं राहून तसं सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या.

त्यानंतर वर्षभरात तिनं अकरा वेळा राख केली. पोळ्याला केली, दिवाळीला केली, संक्रांतीला केली. एकदा काम व्हायचं. दुसऱ्यांदा तेलाचा साबण.

आता शनिवारी तिचं काम तपासायला पुण्याहून समिती येणार होती. राख पाच वेळा चालते हे त्यांना दाखवायचं, नाही तर धुळ्यात सांगितलेलं मागं घ्यायचं. मधला रस्ता नव्हता. काम बंद पडेल याचं नूतनला दुःख होतंच, पण त्याहून जास्त जाळत होतं ते दुसरंच. तिनं खोटं सांगितलं नव्हतं. पाच वेळा झालं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग आता का होत नाही? या 'का' नं तिची झोप उडवली होती.

पुष्पाबाई, नूतनची आई, दारातून हे सगळं ऐकत होत्या. हातात चहाच्या कपबशा होत्या. "चहा घे वं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या वर्षभर अशाच होत्या. राखेचं बोलणं निघालं की त्यांना आत काही तरी काम आठवायचं.

*

मंगळवारी नूतन बारावी राख डब्यात घेऊन निघाली. एस.टी.नं जळगाव, तिथून रेल्वेनं अमळनेर. डबा मांडीवर धरून बसली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय प्रसाद हाये का बाई?" नूतन म्हणाली, "अजून ठरलं नाही."

प्रयोगशाळेत भिकनभाऊ वाट पाहत होते. प्रयोगशाळेतले शिपाई, पण तीस वर्षं काचेची भांडी धुऊन त्यांची नजर अशी तयार झाली होती, की चंबूतलं तेल नुसतं हलवून ते आतलं सांगत. त्यांनी सरकीचं तेल आणि मिथेनॉल मोजून ठेवलं होतं. नूतननं राख टाकली, तेल ढवळणारा भोवरा सुरू केला, उष्णतेचा काटा पासष्टावर आणला. तासाभरानं सगळं खाली तोटी असलेल्या उभ्या काचेच्या भांड्यात ओतलं. दोघं बघत बसले. हळूहळू खाली काळपट चिकट थर बसला, वर पिवळं पातळ इंधन उभं राहिलं.

"एकदाव तर व्हयनं," भिकनभाऊ म्हणाले.

राख गाळली, धुतली, वाळवली, पुन्हा टाकली. पुन्हा तास. या वेळी भांड्यात काही वेगळं होईना. सगळं मिळून पांढरट, दाट, चमच्याला धरून राहील असं.

"बठ्ठं तेल दही व्हई गयं, ताई." भिकनभाऊंनी भांडं उजेडाकडे धरलं, मग राखेच्या डब्यात बोट घालून अंगठ्यावर चोळलं. "एक इचारू का? रागे नका भरू. हाई राख काळी शे. मागला सालनी धवळी व्हती. पीठना मायक. माले चांगलं याद शे, मी बशी धोयी व्हती."

नूतननं मागच्या वर्षीची वही काढली. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: रंग पांढरा, वस्त्रगाळ. पुढच्या रकान्यात, नमुना तयार करणार: नूतन फिरके. तिनं वस्त्रगाळ हा शब्द दोनदा वाचला. डबा उघडल्यावर जे दिसलं ते तिनं तेव्हा लिहिलं होतं. पण आपण राख कधी गाळली होती, हे तिला काही केल्या आठवेना. तेव्हा घाई होती. नीट जळली म्हणून पांढरी झाली असेल, असं मानून ती पुढं गेली होती.

तिच्या मार्गदर्शक दिपमाला मॅडम आत आल्या, भांड्यातलं दही पाहिलं, आणि रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नूतन, जे पुन्हा करता येत नाही, ते आपण सांगायचं नाही. उद्या पत्र लिही. शनिवारी मी समितीला देते."

*

बुधवारी सकाळी नूतन घरी आली. बाजेवर बसून तिनं पत्र लिहायला घेतलं. "मागील वर्षी सादर केलेले निष्कर्ष मी मागे घेत आहे." एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते कागदावर पडू नये म्हणून तिनं मान मागं केली.

पुष्पाबाई भाकरी थापत होत्या. "काय लिही राह्यली?"

"मी चुकीचं सांगितलं, असं लिहितेय."

"पन तू तं खरं सांगतलं व्हतं ना?"

"खरं होतं, तर पुन्हा का होत नाही? माझंच काही चुकलं असणार. मोजायला चुकले असेन, काय माहीत."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी पुष्पाबाईंनी ती उलटली नाही. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, चूल तशीच सोडून लेकीसमोर येऊन उभ्या राहिल्या. बावन्न वर्षांची बाई, पण उभी अशी होती, जशी शाळेत पाटी फोडलेली पोरगी.

"तुझं नही चुकलं. माझं चुकलं."

"काय?"

"मागच्या आखाजीले तू राख जायली, परातीत ओट्यावर ठेवली, अन् दोन दिस अमळनेरले गेली. बजावून गेली, कोनी हात लावायचा नही. मी घराले चुना देत व्हती. हातातून कुंचा सुटला, बादली हिसकली, अन् चुना परातीत सांडला." त्यांनी ओंजळ करून दाखवली. "ओंजयभर सांडला. मी वरवरचा काढला, पन तो मिसयून गेला व्हता. राखेचा चिखल झाला."

नूतननं पेन खाली ठेवलं. "मग?"

"मंग मी काय करू? तुह्या नानाले सांगतलं असतं तं म्हनले असते, तुले काही समजते का. त्या दिशी खापराच्या पोया व्हत्या. फुटक्या खापराच्या तुकड्यात तो चिखल भरला, अन् चुलीत इंगयात खोल ठेवून देला. वाटलं, वायला की पह्यल्यासारखा व्हईन. पोया व्हयेपर्यंत आतच व्हता. काढला तं पांढरा फक, दगडावानी. मंग खलबत्त्यात कुटला, माझ्या जुन्या लुगड्यानं गायला, अन् डब्यात भरून ठेवला." आता त्या रडायला लागल्या. "तुले टाया वाजल्या, तवा मी देवाजवय नारय फोडलं, की वाचली. अन् आता तुले खोटं म्हनतीन सारे. माझ्या भेसयीपायी."

नूतन आधी संतापली. उठून उभी राहिली, "वर्षभर! आई, वर्षभर मी..." एवढं ओरडली. बारा राखा, पोळ्याची, दिवाळीची, संक्रांतीची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तो वळसाही एस.टी.नं. मग तिचं तोंड उघडंच राहिलं. तिच्या डोक्यात चुना आणि पोटॅश, पोटॅश आणि विस्तव, असं काही तरी एकाला एक लागत चाललं होतं.

"किती वेळ?" तिनं विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"काय किती येय?"

"इंगळात किती वेळ होतं ते?"

"घड्याय कोनी पाह्यलं? एकवीस पोया झाल्या तोपर्यंत. नैवेद्याच्या पाच, घरच्या सोया." पुष्पाबाईंनी डोळे पुसले. "काहून?"

नूतननं पत्राचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: एकवीस पोळ्या.

*

दुपारी बाराला फिरक्यांच्या परसात खापर चढलं, तेव्हा शेजारच्या कोकिळाकाकूंनी कुंपणावरून मान काढली. "काय वं पुष्पा, आखाजीले तं तीन हप्ते हायेत. पावने येनार काय? पोरीले पाहाले?"

"पावनेच," पुष्पाबाई म्हणाल्या. "राखेचे."

कोकिळाकाकूंना काही कळलं नाही, म्हणून त्या आतच आल्या आणि पुरण वाटायला बसल्या. कळत नसेल तिथून त्या सहसा हलत नाहीत.

उन्हाचा पारा त्रेचाळीसवर आणि त्यात ही उंच चूल. बाभळीची लाकडं धडधड पेटली होती. उलट्या खापराची काळी पाठ तापून नुसती थरथरल्यासारखी दिसत होती. चुलीच्या पोटात, इंगळांच्या खाली, फुटक्या खापराच्या तुकड्यात ओंजळभर चुना कालवलेली, घरी उरलेली बारावी राख होती. पुष्पाबाईंनी पुरणाचा उंडा घेतला, तळहातावर पसरला, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत, आणि दोन्ही हात झुलवत ती चादरीएवढी पोळी अलगद खापरावर सोडली. हातांवरची लव केव्हाच जळून गेली होती. या कामात सगळ्यांचीच जाते.

"एक," नूतन म्हणाली आणि मोबाईलवर वेळ पाहिली.

"अशी पाहू नको माझ्याकडं, पोयी फाटते."

"जाळ तेव्हाइतकाच आहे ना?"

"जाय कमी असला तं पोयी चिटकते. माझी चिटकत नही."

सातव्या पोळीला शालिग्राम मळ्यातून आले. चुलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि सगळी हकीकत लेकीकडून ऐकली. पुष्पाबाईंनी मान खाली घातली, आता ऐकून घ्यायचंय म्हणून. शालिग्रामांनी वाकून चुलीच्या पोटात पाहिलं. मग म्हणाले, "पन पोटॅश माझंच ना?"

"हो नाना, पोटॅश तुमचंच."

"मंग ठीक," ते म्हणाले, आणि दुधाशी पोळी खायला बसले.

एकविसावी पोळी उतरली तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. चिमट्यानं तुकडा ओढून काढला. आतलं सगळं पांढरंफक, कडक. नूतननं त्यावर पाण्याचा थेंबही पडू दिला नाही. पुष्पाबाईंनी कुटलं आणि त्याच जुन्या लुगड्यानं गाळलं. "तू पन चाल उद्या माझ्यासोबत," नूतन म्हणाली.

"मी? कॉलेजात?"

"राख तुझी आहे."

*

पुष्पाबाईंनी अमळनेर याआधी कुणाच्या तरी लग्नापुरतं पाहिलं होतं. गुरुवारी त्या प्रयोगशाळेच्या एका उंच स्टुलावर, पाय अधांतरी, पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या. भिकनभाऊंनी राख अंगठ्यावर चोळली आणि खूश होऊन म्हणाले, "हाई धवळी. आते कसं! अक्का, पानी लेता का?"

पहिला फेरा झाला. वर पिवळं, खाली काळं. पुष्पाबाई वाकून बघत होत्या. "खालचं काय व्हय?"

"ते ग्लिसरीन. ते खाली बसलं पाहिजे."

"बसलं की."

दुसरा फेरा. इथं आजवर दही झालं होतं. चौघांनीही, मॅडमसुद्धा होत्या, श्वास धरला. थर खाली उतरला. वर पिवळं स्वच्छ उभं राहिलं. नूतननं आईचा दंड एवढा घट्ट पकडला की बांगडी रुतली. दिपमाला मॅडम एरवी जास्त बोलत नाहीत, पण त्याही बोलल्या, "राखेतलं पोटॅश दर वेळी धुऊन जात होतं. चुन्यानं ते धरून ठेवलं आणि विस्तवानं दोघांना एकजीव केलं. पुष्पाताई, हे आम्ही पुस्तकात शोधत होतो."

तिसरा फेरा झाला. चौथ्याला मात्र थर बसायला वेळ लागला. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. मध्ये पांढरी साय धरली आणि ती हलेना.

"चौथ्याला ढिली पडली," नूतन हळू म्हणाली. "मागच्या वर्षी पाच वेळा चालली होती." तिनं वही ओढली. "तीन तर तीन. तीनच लिहिते. निदान खरं तरी असेल."

तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तोच 'का' येऊन बसला. विस्तव तोच, वेळ तोच, चुना तोच, बाई तीच.

पुष्पाबाई स्टुलावरून खाली उतरल्या. डबा बाजूला ठेवला. भिकनभाऊंकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि मग लेकीच्या कानाशी जाऊन, पण सगळ्यांना ऐकू येईल एवढ्यानं म्हणाल्या, "नूतन, एक ओंजय नव्हता. दीड व्हता."

"काय?"

"दीड ओंजय. जरा जास्तीच. तुले सांगतांना मी... थोडा कमी सांगतला."

नूतननं वही मिटली. मग भिकनभाऊ फिस्सकन हसले, आणि मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. माणूस गुन्हा कबूल करतो तेव्हाही त्यातला थोडा वजा करूनच करतो. एवढं कळायला रसायनशास्त्र लागत नाही, पण नूतनला ते तिथं कळलं. ती हसत हसतच तराजूकडे गेली. "आई, इकडे ये. हात धुऊन ये. तुझी ओंजळ मोजायची आहे."

कोठीतला चुना भिजवून घमेल्यात आणला. पुष्पाबाईंनी ओंजळ भरली, तराजूच्या बशीत रिकामी केली, मग अर्धी भरली, मग थोडं थांबून आणखी चिमूटभर टाकला. "जरा जास्तीच व्हता म्हटलं ना." भिकनभाऊंनी आकडा मोठ्यानं वाचला. तेवढा चुना डब्यात उरलेल्या काळ्या राखेत कालवून शुक्रवारी सकाळी कॉलेजच्या भट्टीत ठेवला, सत्तर मिनिटं, आणि संध्याकाळपर्यंत चार फेरे झाले. चारही स्वच्छ.

शनिवारी समितीतले दोघं आले. पाचवा फेरा त्यांच्यासमोर झाला. पुष्पाबाईंना बाहेर बसायला सांगितलं होतं, पण त्या दाराच्या काचेतून बघत होत्या. थर खाली उतरला तेव्हा त्यांनी स्वतःशीच मान हलवली, पोळी नीट सुटल्यावर हलवतात तशी.

समितीतल्या वयस्कर गृहस्थांनी वही चाळली. बोट एका ओळीवर थांबलं. "हे काय? काळ: एकवीस पोळ्या?"

"तेव्हा घड्याळ नव्हतं, सर," नूतन म्हणाली. "आता खाली मिनिटं लिहिली आहेत. पण पहिलं माप तेच होतं, म्हणून खोडलं नाही." आणि तिनं त्यांच्या देखतच मागच्या वर्षीचं पान उघडलं, नमुना तयार करणार या रकान्यातलं आपलं नाव एका सरळ रेघेनं खोडलं, आणि वर लिहिलं: पुष्पाबाई शालिग्राम फिरके.

मग तिनं आईला आत बोलावून वही दाखवली. पुष्पाबाईंनी एकेका अक्षरावर बोट ठेवून नाव वाचलं. चेहरा लाल झाला. "माझं काहून? चुकी झाली ती माझ्या हातानं."

"हो. तीच लिहिली आहे. बघ, बरोबर आहे ना? चुना दीड ओंजळ, अपघातानं सांडला."

पुष्पाबाईंनी पुन्हा वाचलं. वर्षभर घशात अडकलेलं सगळं आता एवढं सोपं होऊन कागदावर बसलं होतं, की त्यांना धीर आला.

"लिह्यायचंच असंन तं सगयं लिह्य," त्या म्हणाल्या. "कुंचा हातातून सुटला, तवा मी तुलेच शिव्या देत व्हती. परात ठेवाले ह्या पोरीले माझाच ओटा सापडला का, म्हनून."

शेऱ्याचा रकाना रिकामा होता. नूतननं तेही लिहिलं.